वेल्टरवेटच्या पोरांना अजून किती वाट पाहायला लावणार?

प्रति,
अध्यक्ष महोदय,
वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन आणि वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन



तुम्ही चौघं चार गावी बसता. कुणी मेक्सिको सिटीत, कुणी पनामात, कुणी न्यू जर्सीत, कुणी पोर्तो रिकोत. तरी पत्र एकच लिहितोय. वेगवेगळी लिहिली तर प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवून मोकळा होईल, याची मला खात्री आहे.

अमेरिकेतली शनिवारची रात्र आमच्याकडे रविवारची सकाळ होऊन येते. महाराष्ट्रात क्रिकेट सोडून दुसरं काही पाहणारी माणसं थोडी, त्यात बॉक्सिंगवाले आणखी थोडे. पण जे आहेत ते पोह्यांची बशी मांडीवर घेऊन अगदी पहिल्या, चार फेऱ्यांच्या लढतीपासून बसतात. मोठ्या नावांची लढत सुरू व्हायला अजून तीन तास असतात. कॅमेरा जरा मागे सरकला की रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसतात आणि त्या खुर्च्यांसमोर वीस-बावीस वर्षांची पोरं जीव तोडून लढत असतात. हे पत्र त्या पोरांबद्दल आहे, त्यातही 147 पौंडांच्या गटातल्या पोरांबद्दल.

147 पौंड म्हणजे 66.68 किलो. पळता येईल इतकं हलकं आणि एका ठोशात समोरच्याला आडवं करता येईल इतकं जड, असं हे वजन. म्हणून तर शुगर रे रॉबिन्सनपासून मॅनी पॅकियाओपर्यंत बॉक्सिंगचा निम्मा इतिहास याच गटात घडला. या गटात पोरांचा तुटवडा कधीच नव्हता, आजही नाही. त्यांची वर्षं कुठं जातात, एवढंच मला तुम्हाला विचारायचं आहे.

16 सप्टेंबर 1981 ची लढत आठवा. लास व्हेगासला सीझर्स पॅलेसच्या आवारात, उघड्यावर बांधलेलं रिंग. एका कोपऱ्यात कौन्सिलचा विजेता शुगर रे लेनर्ड, वय 25. दुसऱ्यात असोसिएशनचा विजेता टॉमी हर्न्स, वय 22, तोवर 32 लढती आणि एकही हार नाही. तेरा फेऱ्या झाल्या तेव्हा गुण देणाऱ्या तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढं होता. चौदाव्या फेरीत लेनर्डनं त्याला दोरांपाशी कोंडून असा झोडपला की रेफरीला मध्ये पडावं लागलं. तेव्हाही पट्टे दोन होते, तेव्हाही प्रमोटर पैशावरून भांडत होते. पण दोघं भरात असताना समोरासमोर आले.

आता 29 जुलै 2023. गाव तेच. एरल स्पेन्सकडे फेडरेशनचा पट्टा 2017 पासून, टेरेन्स क्रॉफर्डकडे ऑर्गनायझेशनचा 2018 पासून. दोघंही अपराजित. ही लढत व्हावी हे पाच वर्षं सगळं जग म्हणत होतं. झाली तेव्हा स्पेन्स 33 चा होता, क्रॉफर्ड 35 चा. मधल्या काळात स्पेन्सचा भीषण मोटार अपघात झाला होता, डोळ्याचा पडदाही फाटला होता. क्रॉफर्डनं त्याला तीनदा खाली पाडलं आणि नवव्या फेरीत खेळ संपवला. त्यानंतर 2025 सरेपर्यंत स्पेन्स रिंगमध्ये उतरला नाही. क्रॉफर्डचं कौतुक कितीही केलं तरी कमीच. पण पाच वर्षं आधीचा स्पेन्स कसा लढला असता, हे आता कुणालाच कळणार नाही. मेवेदर आणि पॅकियाओच्या वेळीही हेच घडलं होतं. 2009 पासून बोलणी, लढत 2015 ला, एक 38 चा आणि दुसरा 36 चा.

हे दिग्गजांचं झालं. त्यांना निदान पैसे तरी मिळाले. त्यांच्या मागं रांगेत उभ्या असलेल्यांचं काय?

वेल्टरवेटमधल्या पोराचं शरीर तुमच्या बैठकांसाठी थांबत नाही. बाविसाव्या वर्षी जे वजन सहज उतरतं, ते सव्विसाव्या वर्षी रक्त आटवून उतरवावं लागतं. वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतात. त्याच्या आधीचा आठवडा पाहण्यासारखा असतो, किंवा खरं तर पाहवत नाही. आधी मीठ बंद, मग भात-भाकरी ज्याची त्याची जी असेल ती बंद, मग पाणी घोटाघोटानं, आणि शेवटच्या दिवशी घाम काढायचा प्लास्टिकचा सूट घालून गरम खोलीत दोरीवरच्या उड्या. ओठांना चिरा पडतात. थुंकीसुद्धा सुटत नाही. काट्यावर 147 दिसलं की पोरगा बाटली तोंडाला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये येतो तेव्हा कितीतरी किलोंनी भरलेला असतो. एका लढतीसाठी हे करता येतं. वर्षानुवर्षं, कधी होईल ते ठाऊक नसलेल्या लढतीसाठी करत राहिलं तर काय होतं, ते टेक्सासच्या व्हर्जिल ऑर्टिझला विचारा.

ऑर्टिझ 18 लढती जिंकला होता, सगळ्या नॉकआउटनं. 2022 मध्ये त्याला रॅब्डोमायोलिसिस झाला. यात स्नायू विरघळून रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. बरा झाला, लढला, जिंकला. मग लिथुआनियाच्या आयमांतास स्टॅनिओनिसबरोबर त्याची लढत ठरली. पहिल्यांदा स्टॅनिओनिसचं अपेंडिक्स आडवं आलं. दुसऱ्यांदा ऑर्टिझचा तोच आजार. तिसऱ्यांदा, जुलै 2023 मध्ये, लढतीला काही दिवस उरले असताना ऑर्टिझ पुन्हा इस्पितळात. त्यानंतर त्यानं हा गट सोडला आणि 154 पौंडांत गेला. यात तुमचा हात नव्हता, हे मान्य. पण स्टॅनिओनिसचं पाहा. एप्रिल 2022 मध्ये त्यानं असोसिएशनचा पट्टा जिंकला आणि पुढची लढत लढला ती थेट मे 2024 मध्ये. दोन वर्षं पट्टा कपाटात आणि खालची सगळी रांग जिथल्या तिथं. असोसिएशनच्या नियमांत विजेत्यानं ठरावीक मुदतीत सक्तीच्या आव्हानवीराशी लढावं, असं लिहिलेलं असतं ना?

फिलाडेल्फियाच्या जेरॉन एनिसची कथा याहून बोलकी. 2016 ला व्यावसायिक झाला, बाप वस्ताद, थोरले दोन भाऊही बॉक्सर. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी त्याला पाहणाऱ्या कुणालाही कळत होतं की हा पोरगा कुणालाही हरवू शकतो. आणि म्हणूनच त्याच्याशी लढायला कुणी येईना. नाव छोटं आणि धोका मोठा असलेल्या पोराला टाळणं हा या धंद्यातला सर्वांत जुना शहाणपणा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये फेडरेशननं क्रॉफर्डचा पट्टा काढून एनिसला देऊन टाकला. म्हणजे ज्या क्षणासाठी पोरगा सातव्या-आठव्या वर्षापासून घाम गाळतो तो क्षण एनिसला कागदावर मिळाला, तेही चारही पट्टे एकाच माणसाकडे आल्याला जेमतेम साडेतीन महिने झाले असताना.

इथं फेडरेशनच्या अध्यक्षांना राग येईल. चौघांत सक्तीच्या आव्हानवीराचा नियम तुम्हीच सर्वांत काटेकोर पाळता, हे मला ठाऊक आहे. पण तीन जण नियम वाकवणार आणि एक जण ताठ राहणार, यातून पट्टे विखुरण्यापलीकडे काही होत नाही. एप्रिल 2025 मध्ये अटलांटिक सिटीत एनिसनं स्टॅनिओनिसला सहा फेऱ्यांत थकवून दोन पट्टे एकत्र केले, आणि काही महिन्यांत वजन झेपेना म्हणून तोही 154 ला निघून गेला. अठ्ठाविसाव्या वर्षी. वेल्टरवेटमध्ये त्याच्या तोडीची एकही लढत आम्हाला पाहायला मिळाली नाही.

आता उझबेकिस्तानचा शाहराम गियासोव्ह. रिओ ऑलिंपिक 2016 मध्ये 69 किलोत रौप्य. 2017 मध्ये जागतिक अजिंक्यपद. 2018 पासून व्यावसायिक, अपराजित, असोसिएशनच्या यादीत वरच्या जागी. 2025 संपलं, वय 32 झालं, आणि तोवर जागतिक किताबाची एकही लढत त्याच्या वाट्याला आली नाही. तो अमेरिकन नाही, इन्स्टाग्रामवर गाजत नाही, भांडणं काढत नाही. त्याच्यावर तिकिटं खपत नाहीत असं प्रमोटर सांगतात. प्रमोटरनं धंदा पाहावा, तो त्याचा हक्क आहे. पण तुम्ही प्रमोटर नाही. तुमची यादी तिकिटांच्या खपावरून बनत असेल तर तसं तिच्यावर छापा.

रॉबिन्सनलाही वाट पाहावी लागली होती, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. खरं आहे. तेव्हा पट्टा एकच होता, तरी सत्तरहून जास्त लढती जिंकल्यावर 1946 च्या डिसेंबरात त्याला किताबाची संधी मिळाली. एकच पट्टा आणा की सगळं सुरळीत होईल, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण त्या काळी अमेरिकेतल्या बॉक्सिंगवर गुंडांचा वचक होता. तुम्हाला ती सबब नाही.

कौन्सिलच्या अध्यक्षांशी जरा वेगळं बोलायचं आहे. सुलैमान साहेब, 2024 मध्ये तुम्ही क्रॉफर्डला 'सुट्टीवरचा विजेता' ठरवलंत आणि अंतरिम विजेता मारिओ बॅरिओस याला बढती दिलीत. बॅरिओसनं त्या वर्षी नोव्हेंबरात एबल रामोसशी बरोबरी केली. मग जुलै 2025 मध्ये त्याच्यासमोर तुम्ही कुणाला आणलंत? मॅनी पॅकियाओला. वय 46. चार वर्षं एकही व्यावसायिक लढत नाही, शेवटची लढत हरलेला, आणि महिन्याभरापूर्वीच ज्याचं नाव बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेलं. लढत बरोबरीत सुटली. पॅकियाओ काय सुंदर लढला! मीही खुर्चीत पुढं सरकून बसलो होतो. पण ती जागा कुणाची होती? आणि तो बारा फेऱ्या बरोबरीत लढला यावरून विजेत्याचा दर्जा काय दिसला?

पुढं बॅरिओसशी लढायला रायन गार्सियाचं नाव आलं. हा गार्सिया 2024 मध्ये हॅनीविरुद्ध तीन पौंडांहून जास्त वजन घेऊन आला, उत्तेजक चाचणीत अडकला, वर्षभर बंदी भोगली. त्याच वर्षी वर्णद्वेषी बरळला म्हणून तुम्हीच त्याला संघटनेतून काढल्याचं जाहीर केलंत. बंदीनंतरची पहिली लढत तो रोलांडो रोमेरोकडून हरला. आणि तरी त्याच्यासाठी दार उघडलं. पोरांनी यातून काय शिकायचं? शांतपणे जिंकत राहावं की मोबाइल हातात घेऊन शिव्या द्याव्यात?

संघटना फुटण्याची दुखरी नस तुमची आणि आमच्या कुस्तीची सारखीच आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन वेगवेगळ्या स्पर्धा झाल्या, एक पुण्याजवळ फुलगावला, एक धाराशिवला. एकीकडं सिकंदर शेख जिंकला, दुसरीकडं शिवराज राक्षे. दोन गट, दोन गदा. दोघंही अस्सल पैलवान, त्यात वाद नाही. पण गावाकडं पोराच्या खुराकासाठी म्हैस विकणाऱ्या बापानं कुठल्या गदेकडं बोट दाखवावं? संघटना फुटल्या की पुढाऱ्यांना दोन खुर्च्या मिळतात, पैलवानाला मात्र अर्धाच मान.

पैशाचंही बोलू. किताबाच्या लढतीत तुम्ही बॉक्सरच्या मानधनातून साधारण 3 टक्के घेता. डिसेंबर 2025 मध्ये कौन्सिलनं क्रॉफर्डचा सुपर मिडलवेटचा पट्टा फी न दिल्यावरून काढून घेतला. सवलत देऊन 0.6 टक्के मागितले होते आणि त्यातला मोठा हिस्सा गरजू बॉक्सरांच्या निधीला जाणार होता, असं कौन्सिलनं सांगितलं. मला त्यात खोटं काढायचं नाही. क्रॉफर्ड कोट्यधीश आहे, तो पट्टा तुमच्या तोंडावर फेकू शकतो. अंडरकार्डवरच्या, म्हणजे मुख्य लढतीच्या आधी लढणाऱ्या पोराचं गणित निराळं. समजा, आठ फेऱ्यांच्या लढतीचे त्याला 20 हजार डॉलर मिळाले. मॅनेजरचा वाटा एक तृतीयांशापर्यंत जातो. प्रशिक्षकाचा साधारण दहावा हिस्सा. उरले साडेअकरा हजारांच्या आत. त्यातून दोन महिन्यांच्या सरावाचं खाणं, सराव-जोडीदारांचे पैसे, डॉक्टरी तपासण्या, कर. अशा लढती वर्षाला दोन, फार तर तीन. त्यातच एखाद्या खंडाचा किंवा विभागाचा छोटा पट्टा लढतीला लावला की तुमची फी आली. तो छोटा पट्टा घेतल्याशिवाय यादीत वर सरकता येत नाही म्हणून पोरगा तीही भरतो. म्हणजे वाट पाहण्याचेही पैसे.

आमच्या हरियाणाचा नीरज गोयत वेल्टरवेटच. कौन्सिलचा आशियाई पट्टा त्यानं मिळवला होता. 2019 मध्ये जेद्दाला आमिर खानशी त्याची लढत ठरली आणि थोडेच दिवस आधी मोटार अपघातात तो जखमी झाला. पुढं नोव्हेंबर 2024 मध्ये तो टेक्सासच्या अवाढव्य स्टेडियममध्ये, टायसन आणि जेक पॉलच्या कार्यक्रमात दिसला. समोर कोण? ब्राझीलचा एक विनोदी यूट्यूबर. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये बॅरिओस आणि रामोस कौन्सिलच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढले. आशियाई विजेता विनोदवीराशी सहा फेऱ्या लढून जगासमोर आला, आणि त्या रात्री तो पट्ट्याच्या जितका जवळ होता तितका पुन्हा कधी जाईल असं वाटत नाही. गोयतला दोष देत नाही. मिळेल ती लढत घेणं हाच त्याच्यासारख्यांचा मार्ग उरतो. आज कर्नालचा निशांत देव अमेरिकेत एक गट वर, 154 मध्ये, एकेक लढत जिंकत चालला आहे. त्याच्यासारख्याला काय सांगायचं, हे मला कळत नाही.

ठरवलं की जमतं, याची उदाहरणं तुमच्याच दप्तरात आहेत. बायकांच्या वेल्टरवेटमध्ये वेल्सची लॉरेन प्राइस 2022 मध्ये व्यावसायिक झाली. मार्च 2025 मध्ये लंडनला नताशा जोनासला हरवून तिनं तीन पट्टे एकत्र केले. तीन वर्षांच्या आत, दहा लढतींच्या आत. पुरुषांपेक्षा पैसा कितीतरी कमी, म्हणून एकमेकींना टाळण्यात फायदा नाही. एनिसनं सोडलेल्या फेडरेशनच्या पट्ट्यासाठी बेलफास्टचा लुईस क्रॉकर आणि लिमरिकचा पॅडी डोनोव्हन सप्टेंबर 2025 मध्ये विंडसर पार्कवर लढले. मार्चमधल्या पहिल्या लढतीत पुढं असूनही डोनोव्हन घंटेनंतर मारलेल्या ठोशामुळे बाद झाला होता. दुसऱ्यांदा क्रॉकरनं त्याला दोनदा पाडलं आणि निसटत्या गुणांनी जिंकला. तिशीही न गाठलेल्या, अमेरिकेत फारसं कुणी न ओळखणाऱ्या दोघांसाठी फुटबॉलचं मैदान उघडावं लागलं. तिकिटं खपत नाहीत म्हणे!

अमेरिकेत झुफा बॉक्सिंग नावाची नवी कंपनी आली आहे. तिला तुमचे पट्टे नकोत, तिचा पट्टा तिचा. अशा कंपन्यांना मोकळीक देणारं विधेयक जुलै 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलं गेलं. यादी, करार आणि पट्टा एकाच मालकाच्या हातात गेले तर बॉक्सर पगारी नोकर होईल, अशी भीती मलाही वाटते. पण तुम्ही परंपरेच्या नावानं गळा काढाल तेव्हा गियासोव्हसारखे किती जण तुमच्या बाजूनं उभे राहतील? महिन्याच्या महिन्याला लढत आणि ठरलेले पैसे मिळणार असतील, तर बावीस वर्षांचा पोरगा तुमच्या हिरव्या-लाल पट्ट्यांकडं ढुंकूनही पाहणार नाही, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही.

1982 च्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियाचा किम दुक-कू लढतीनंतर वारला, तेव्हा कौन्सिलनं पंधरा फेऱ्यांच्या लढती बारा फेऱ्यांवर आणायला वर्षही घेतलं नाही. बाकीचेही उशिरा का होईना, त्याच वाटेनं आले. तेव्हा मनात आलं की तुम्हाला घाईही करता येते. म्हणून मागणं असं आहे. वर्षभर पट्टा न लढवणाऱ्याचा पट्टा रिकामा करा, सुट्टी-बिट्टी नको. ज्यानं या वजनात दोन वर्षं एकही लढत दिली नाही, त्याला पहिल्या पंधरात जागा नको, मग तो कितीही थोर असो. सक्तीच्या आव्हानवीराची मुदत चौघांनी एकच ठरवा आणि ती संपली की प्रमोटरांकडून बंद पाकिटातून बोली मागवा. अंतरिम विजेता फक्त खरा विजेता आजारी असताना.

आणि सर्वांत आधी हे. मुहम्मद अली यांच्या नावानं 2000 मध्ये झालेल्या अमेरिकी कायद्यानुसार पहिल्या दहातल्या बॉक्सरचा क्रमांक बदलला की सात दिवसांत त्याचं कारण संकेतस्थळावर द्यावं लागतं. कारण म्हणजे 'समितीचा निर्णय' एवढंच नव्हे. कोण कुणाशी लढला, कोणत्या वजनात, कधी, हे दोन ओळींत लिहा. पुढच्या महिन्याची यादी येईल तेव्हा वेल्टरवेटच्या पहिल्या पंधरांपुढं तेवढ्या दोन ओळी हव्यात. सुरुवात गियासोव्हपासून केलीत तरी चालेल.



आपला,
रविवार सकाळचा एक प्रेक्षक